मामाचं गाणं, धावत्या चालीत

भाचीच्या लग्नाच्या सकाळी मी मागच्या दाराने मांडवात शिरलो आणि दोन बशा पोहे खाल्ले. माझ्याकडून घडलं ते एवढंच. पण शिरपूरजवळच्या त्या गावात, माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या सासरी, नवरीच्या मामाने असं करणं म्हणजे नवरदेवाने आपल्याच हाताने आपल्या गळ्यात हार घालून घेण्यासारखं आहे. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पोह्यांचा वास आला तेव्हा आठवलं नाही, इतकंच.

तिथली रीत अशी. मामाने आहेर घेऊन गावाच्या वेशीवर, मारुतीच्या देवळापाशी थांबायचं. मांडवातून बँड त्याला घ्यायला येतो. मग पुढे बँड, मध्ये मामा, मागे डोक्यावर आहेराची ताटं घेतलेल्या बायका, असं सगळं गावातून वाजत-गाजत मांडवाच्या दाराशी येतं. दारात बहीण भावाच्या पायावर पाणी घालते, त्याला ओवाळते, आणि मग भाऊ आत पाऊल टाकतो. तोवर मांडवातल्या पाण्यालाही हात लावायचा नाही.

अक्काने नऊ वाजता वेशीवर यायला सांगितलं होतं. जळगावहून आम्ही अंधार असतानाच निघालो आणि पावणेआठलाच पोचलो. ऑफिसात मी आयुष्यात कधी वेळेआधी पोचलेलो नाही. लग्नात मात्र मला आचारी यायच्याही आधी हजर राहायचं असतं. गाडी देवळापाशी लावली. आमच्या चुलतभावांची जीप अजून चोपड्याजवळ चहा पीत होती.

"मी जरा बघून येतो, अक्काला काही मदत लागत असेल," मी म्हणालो.

"बसा गुपचूप," बायको म्हणाली. बायको धुळ्याची, तिच्या माहेरी या रीतीभाती पाठ. "आत्ता गेलात तर मामा म्हणून कोण विचारणार तुम्हाला?"

"बहिणीच्या घरी कसला आलाय मानपान?" असं काहीतरी पुरोगामी बोलून मी निघालो.

मागच्या दाराशी आचारी होते, पोहे होते. मांडववाल्यांचा कुणीतरी माणूस समजून त्यांनी मला बशी दिली. खाऊन झाल्यावर मी आपणहून झेंडूच्या माळा बांधायला लागलो. स्टुलावर उभा होतो, तोंडात सुतळी होती, आणि खालून अक्काचा आवाज आला.

"भाऊ, तू मांडवमा कसा उना?"

माहेरी असताना अक्का माझ्याशी साधं मराठी बोलायची. सासरी पस्तीस वर्षं काढल्यावर राग आला की ती अहिराणीवरच येते. मी सुतळी काढून म्हणालो, "चालत आलो." याहून वाईट उत्तर मला सुचलं नसतं.

ती आणखी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्टुलापाशी ठेवलेल्या माझ्या रिकाम्या बशीकडे बघत राहिली. तेवढ्यात तिचे चुलतसासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, ते काठी टेकत आले. वऱ्हाडाची बस तासभर आधीच आली होती आणि वऱ्हाडी जानोशाला, म्हणजे त्यांना उतरायला दिलेल्या शाळेत, खोळंबले होते. नवरदेवाला घ्यायला बँड लगेच पाठवायचा होता.

"आबा, आधी मन्हा भाऊले आनतस ना?" अक्काने विचारलं.

आबांनी मला स्टुलावर खालून वर न्याहाळलं. "मामा त येल शे. पोहा बी खायी बसना. मंग आते कसाले वाजत-गाजत आननं?"

मामा आलाच आहे, मग आता कशाला वाजत आणायचा, हे ऐकून मांडवातले चारदोन जण हसले. मीही हसलो, अशा वेळी मी स्वतःवर हसणाऱ्यांच्या बाजूने असतो. अक्का आत गेली. मी मागोमाग गेलो. ओवाळणीचं ताट तयार होतं, तांब्या घासून सोन्यासारखा लख्ख केलेला होता. तिने तांब्या उचलून कोपऱ्यात ठेवला.

"मन्ह्या दोन्ही जावास्ना भाऊ वाजत-गाजत उनात," ती हळूच म्हणाली. "मी दोनी बखत ताट धरी उभी होतू."

तेव्हा मला सगळं कळलं. अक्काचं लग्न झालं त्याच्या आदल्या वर्षी वडील गेले होते आणि मी नववीत होतो. त्या लग्नात आमच्याकडून कुणाला वाजत नेण्यासारखं काही नव्हतंच. पुढे तिच्या जावांच्या मुलामुलींची लग्नं झाली, प्रत्येक वेळी कुणाचा तरी भाऊ बँडच्या मागून ऐटीत आला, आणि अक्का ताट धरून बघत राहिली. तिला मूल एकच, ही मुलगी. आज नाही तर तिचा भाऊ त्या गावात कधीच वाजत येणार नव्हता. आणि तो भाऊ मागच्या दाराने येऊन पोहे खाऊन माळा बांधत होता.

मी तडक बँडवाल्यांकडे गेलो. मंडळी पानटपरीवर चहा घेत होती. लाल कोट, सोनेरी झालरी, कोटाखाली घरच्याच चपला. हल्लीच्या बँडसारखी त्यांचीही भोंग्यांची गाडी होती. तिच्यावर कीबोर्ड, मागे धूर सोडणारं जनरेटर, आणि गाडी ढकलायला चार धट्टेकट्टे गडी. मास्तर मात्र जुने, क्लॅरिनेटवाले. मी त्यांना सगळं सांगितलं, पोह्यांसकट.

मास्तरांनी कपातला चहा बशीत ओतून संपवला. "मामानं गानं आमनं येगळं ऱ्हास," ते म्हणाले. "बहीननं घर दिसाले लागनं म्हंजे भाऊ धा पावलं चालस आनि थांबस. गावना बाया मामाले देखतस. एक तास लागस."

"तासभर कुठला? नवरदेव शाळेत बसलाय."

मास्तरांनी शाळेकडे बघितलं, वेशीकडे बघितलं, भोंग्यांच्या गाडीकडे बघितलं. "पंधरा मिन्टं शेतस. गानं तेच वाजाडसू. पाय तुमले पयाडना पडतीन." पळावं लागेल, असं ते म्हणत होते. मग मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "मामा, नाचता येस का?"

"नाही."

"मंग शिकी ल्या. न नाचनारा मामाले आम्ही वाजाडतच नई."

आता नाचाचं माझं असं आहे. धुळ्याला कॉलेजात असताना गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्रात मी होतो. माझ्या हातात खुळखुळा होता. दुसऱ्या गाण्यानंतर तो काढून घेण्यात आला आणि मला पडदा ओढायला बसवलं. पडदाही एकदा गाण्याच्या मध्येच ओढला गेला. तेव्हापासून ठेका आणि मी एकमेकांना रस्त्यात दिसलो तर ओळख देत नाही.

पण वेळ नव्हता. मी घरांच्या मागच्या बोळातून, उकिरड्यांवरून उड्या मारत वेशीवर पोचलो. जीप आली होती. चुलतभावजया नवी लुगडी सावरत होत्या, बायकोच्या मांडीवर मामाच्या साडीचं ताट होतं. मी धापा टाकत सांगितलं, बँड येतोय, पळत जायचं आहे.

"म्हणजे पोहे खाल्लेत," बायको एवढंच म्हणाली, आणि पदर खोचून उभी राहिली.

बँड आला तोच मुळी दुडक्या चालीने. मास्तरांनी क्लॅरिनेट वर केली आणि गाणं सुरू झालं. भाऊ बहिणीच्या दारी येतो, असा त्या गाण्याचा भाव. एरवी ते ऐकून म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावतात. त्या दिवशी ते असं धावत होतं, की भाऊ बहिणीकडे चालला नसून त्याच्यामागे कुणीतरी लागलं आहे. ढोलवाला तर गाण्याच्याही पुढे. भोंग्यांची गाडी खड्ड्यांतून उडत होती, कीबोर्डवाला एका हाताने वाजवत आणि दुसऱ्या हाताने कीबोर्ड धरून पळत होता. मागे आमच्या बायका, डोक्यावर ताटं, एका हाताने ताट आणि एका हाताने निऱ्या. एक नारळ उडाला, तो चुलतभावाने हवेतच झेलला.

ओट्या-ओट्यांवर माणसं उभी राहिली. "कोन पयी राह्यना हो?" असं कुणी विचारलं, आणि दुसऱ्याने उत्तर दिलं, "मामा शे! नवरीना मामा!"

मांडव दिसायला लागला तशी मास्तरांनी क्लॅरिनेट माझ्या कानाशी आणली. म्हणजे नाच. मी डोळे मिटले आणि हात वर केले. पुढे माझ्या पायांनी काय केलं ते मी सांगू शकत नाही. ते मला विचारत नव्हते. एवढं माहीत आहे की माझी टोपी पडली, ती कुणीतरी माझ्या डोक्यावर उलटी ठेवली, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. टाळ्यांचा ठेका मला चांगला सापडला. आयुष्यात पहिल्यांदाच. मी दोन गिरक्या घेतल्या.

डोळे उघडले तेव्हा समोर अक्का होती. हातात ताट, तांब्या काखेत, तोंडावर पदर. आधी वाटलं रडते आहे. मग बघितलं तर हसत होती. मग नीट बघितलं तर दोन्ही चाललं होतं. तिच्या दोन्ही जावा तिच्या मागे दिवे धरून उभ्या होत्या. तिने माझ्या पायांवर पाणी घातलं, चपलांसकट, कारण चपला काढायचंही मला सुचलं नव्हतं. हसता हसता तिने लावलेलं कुंकू माझ्या नाकापर्यंत आलं.

"ये भाऊ," ती म्हणाली. "आते ये."

आबा तिथेच काठीवर रेलून होते. "आते मामा उना," ते म्हणाले, आणि बँडला हाताने शाळेची वाट दाखवली. मास्तर घाम पुसत निघालेही.

लग्न छान लागलं. अक्षता टाकताना, पंगतीत, निरोप घेताना, सगळीकडे माझ्याच नाचाची चर्चा. नवरदेवाच्या काकांनी तर माझा हात हातात घेऊन विचारलं, कुठे शिकलात? मी नम्रपणे सांगितलं, धुळ्याला कॉलेजात थोडंफार स्टेजवर होतो.

परतताना सूर्य कलला होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी पसरली होती. मी गाडी चालवता चालवता स्टिअरिंगवर ठेका धरला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "कसा नाचलो ग मी?"

बायकोने पाय सीटवर घेतले. दिवसभराच्या धावपळीने तिच्या टाचा दुखत होत्या.

"बँड केव्हाच थांबला होता हो," ती म्हणाली. "तुम्ही एकटेच नाचत होतात. मी थांबवायला निघाले होते, पण अक्कांचा चेहरा बघितला आणि म्हटलं, नाचू दे. लोकांनाही मीच सांगितलं, टाळ्या वाजवा."