रस्त्यात आलेलं स्वयंपाकघर

बारामतीत भाड्याच्या खोल्या बदलून बदलून आम्ही दोघं दमलो होतो. हे एमआयडीसीत वेल्डर, मी एका डेअरीत दूध तपासायला. फ्लॅट आमच्या आवाक्यातला नव्हता. अशात यांच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं इंदापूर रस्त्याच्या आतलं आपलं उसाचं रान प्लॉट पाडून विकायला काढलं. सगळे त्यांना तात्या म्हणत. आम्ही दोन गुंठे घेतले.

एवढ्या लहान तुकड्याचं खरेदीखत तेव्हा होत नव्हतं, तुकडेबंदीचा कायदा आडवा यायचा. नोटरीपुढं सह्या झाल्या. तात्यांनी नजरेनं अंदाज घेऊन चुन्याची फक्की मारली आणि म्हणाले, "बांधा आता. कोण इचारतंय हितं?"

आधी पत्र्याची खोली झाली, मग विटांचं घर. स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी, बाजूला काढलं. ओटा माझ्या उंचीचा करून घेतला होता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा वाकावं न लागता मी भाकरी थापली.

कुणी विचारलं नाही हे खरं, पण सातबारा तात्यांच्याच नावावर राहिला. बँक दारात उभं करीना. ग्रामपंचायतीत नळ मागायला गेलं की, "तुमी गुंठेवाले ना?" असं म्हणून बाकावर बसवून ठेवायचे. आपल्याच घरात आपण कुणाच्या तरी ओसरीवर मुक्कामाला आहोत असं वाटायचं. पुढं पुढं तेही वाटेनासं झालं.

मग सरकारनं कायदा बदलला. असे जुने तुकडे आता नावावर होणार म्हणून वस्तीत पेढे वाटले. मीही एक खाल्ला आणि कामाला गेले. कचेरीच्या खेपा आता कुठं सुरू होणार, हे मला कळत होतं.

सगळ्या प्लॉटांचा मिळून, सगळ्यांच्या सह्यांनी एक नकाशा करायचा होता आणि त्यात रस्ता दाखवणं भाग होतं. मोजणीवाले आले. खुणा करत करत आमच्या घरापाशी थांबले. एकजण आत येऊन ओट्याजवळ उभा राहिला.

"ताई, ही खोली रस्त्यात येतीय."

तात्या काठी टेकत आले होते. त्यांनी खुणा बघितल्या. मग म्हणाले, "पोरी, चूक माझी हाय. म्या नजरंनं आखलं. पलीकडनं ऊस मोडून वाट दिली असती, पण ते रान आता भावकीच्या वाटणीत गेलंय. माझ्या हातात काय न्हाय राह्यलं."

त्यांच्यावर चिडायचं माझ्या मनात होतं. पण ते उन्हात उभे होते. मी खुर्ची आणून दिली.

हे मात्र चिडले. "आपण सही करायची नाही. बसू दे सगळ्यांना असंच."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या प्लॉटवरच्या मावशी आल्या. त्यांचा नवरा अर्धांगवायूनं पडून होता. दवाखान्यात न्यायचं तर बाजेवर घालून, आमच्या भिंतीलगतच्या बोळातनं चौघांनी उचलून गाडीपर्यंत न्यावं लागे. मावशी उंबऱ्यातच बसल्या.

"तुमचं घर पाडा असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण बाई, उचलायला आता माणसं मिळत न्हाईत. जो तो कामावर. पोरं पुण्याला."

चहा न घेताच त्या गेल्या. रविवारी यांनी कुणाला न सांगता घण काढला. मी डबे बाहेर आणून ठेवले, फळ्या उतरवल्या. ओटा फुटायला वेळ लागला, चांगला पक्का बांधला होता. दुपारी हे भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "तू काहीतरी बोल तरी." मी फुटक्या विटा बाजूला रचायला लागले.

रस्त्यावर मुरूम पडला. पावसाळ्याच्या अखेरीस मावशींच्या नवऱ्याला पुन्हा न्यावं लागलं, तेव्हा गाडी थेट त्यांच्या दारात आली. ते परत आले, अजून आहेत. मावशी अधूनमधून अळूची पानं आणून देतात, पण माझ्याकडं बघायचं टाळतात. मला त्याचं वाईट वाटतं. त्यांनी काही हिसकावून नेलेलं नाही.

सातबाऱ्यावर आमची दोघांची नावं लागली. मी सध्या मोरीशेजारच्या बोळकांडीत, खाली बसून स्वयंपाक करते. गुडघे दुखतात. नवीन खोली काढायची तर आता रीतसर परवानगी लागते, नकाशा पास करून घ्यावा लागतो. परवा जेवताना हे म्हणाले, "सोमवारी सुट्टी टाकून कचेरीत विचारून येऊ का?"

मी म्हटलं, "या महिन्यात नको. खेपांचा वीट आलाय."

त्यांनी मान हलवली आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.