जीपच्या पंपाचं सील

मंडळी, आज मलकापूरच्या गॅरेजात आमच्या डिझेल गाडीचं इंजिन खोललं. पिस्टन वितळलेला. मिस्त्रीनं विचारलं, "पिकअप वाढवायची चिप कुणी बसवली वो?"

शेजारी लेकानं मान खाली घातली.

"मीच," म्हणालो, आणि डोळे भरून आले.

नव्वदच्या दशकात असल्या चिपा नव्हत्या. वडिलांच्या जीपच्या डिझेल पंपाचं कंपनीचं सील मी चोरून तोडलं, पिकअपसाठी डिझेल वाढवायचा स्क्रू फिरवला. औंधला जाताना इंजिन बसलं.

वडील, आमचे दादा, फौजेतले ड्रायव्हर. तिथल्या मिस्त्रीनं त्यांना विचारलं, "दादा, सील कुणी तोडलं?"

"मीच," दादा म्हणाले.

त्यांनीबी कवातरी स्क्रू फिरवला आसंल, आपण वाचलो, असंच मला इतकी वर्षं वाटायचं.

दादा आता नाहीत. "दादा, तुमचं खोटं आज कळलं," हे कुणाला सांगू?