फक्कीनं आखलेलं घर

रामटेके मॅडम कुणाच्याही नव्या घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात शिरायच्या, कमरेत वाकायच्या आणि हातात केरसुणी असल्यासारख्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरायच्या. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला मी फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीच्या दिवशीही त्यांनी तेच केलं. माझी आई बघतच राहिली. कोपऱ्यात त्यांची कंबर ओट्याला लागली, तशा त्या सरळ झाल्या आणि मला म्हणाल्या, "घर आधी बाईच्या कमरेले समजते बापा, मंग नकाशाले." मग पोटभर जेवल्या.

अंबडजवळच्या आमच्या छोट्याशा बांधकाम कचेरीत त्या नकाशे काढायच्या आणि मी साइटवर देखरेख करायचो. त्या मूळच्या चंद्रपूरकडच्या. वडील कोळशाच्या खाणीत जमिनीखाली काम करायचे आणि घर म्हणजे कंपनीनं बांधलेल्या लांबलचक रांगेतली एक खोली. लग्न होऊन नाशिकला आल्याला तीस वर्षं झाली, तरी त्यांच्या तोंडचं 'कायले' काही गेलं नाही.

दुपारी डबा खाताना त्या खाणकामगारांच्या घरांचा इतिहास सांगायच्या, रद्दी नकाशांच्या पाठीवर पेन्सिलीनं रेघा मारत. सगळ्यात जुन्या रांगा आजोबांच्या काळातल्या. विटांची कमानदार छपरं, एकच दार, खिडकी नाही. खाणीवर माणूस टिकावा म्हणून बांधलेल्या, पण आत माणूस राहणार आहे हे विसरून. पुढे ओसरी आली, मग दुसरी खोली. नळ दारात यायला मॅडमच्या शाळेचे दिवस उजाडले.

खिडकी कशी आली, हे मात्र त्या रंगवून सांगत. त्यांच्या आईला चुलीच्या धुराचा फार त्रास व्हायचा. एक दिवस तिनं सरळ कुदळ घेतली आणि मागच्या भिंतीच्या चार विटा काढल्या. नेमका दुसऱ्या दिवशी कंपनीचा साहेब पाहणीला आला आणि त्या भोकासमोर थांबला. आता घर जातं, असं सगळ्या रांगेला वाटलं. साहेबानं भोकाचं माप घेतलं, वहीत लिहिलं आणि पुढे गेला. वर्षभरानं नवी रांग उभी राहिली, तर तिच्या प्रत्येक घराला खिडकी होती; बरोबर त्याच मापाची, त्याच उंचीवर. "आमची माय बुटकी," मॅडम सांगत, "म्हणून सारी लाइन वाकून बाहीर पाहे."

एकदा शहराबाहेरच्या एका दगडखाणीचं काम आमच्याकडे आलं. खाणीचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, चौदा कामगार कुटुंबांसाठी घरं बांधणार होते. माणसं पेठ-सुरगाण्याकडची, वर्षानुवर्षं पत्र्याच्या आडोशाला राहिलेली. अण्णांच्या मनात सरळ एक रांग होती. मॅडम नकाशाला हात न लावता खाणीवर गेल्या आणि दिवसभर बायकांमध्ये बसून राहिल्या. सोनाबाई नावाच्या बाईनं त्यांना सांगितलं की दगडाची भुकटी अंगावर घेऊन नवरा घरात येतो आणि ती सगळी भाकरीवर बसते. तेव्हा न्हाणी आत नको, दाराच्या आधी हवी.

पण न्हाण्या बाहेर काढल्या की रांगेत बाराच घरं बसत होती. दोन कुटुंबं पत्र्याखालीच राहिली असती. मॅडम दोन दिवस रेघा मारत आणि खोडत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी रांग मधोमध तोडली, दोन तुकडे समोरासमोर ठेवले, मध्ये अंगण सोडलं. चौदाही घरं बसली.

अण्णा खूश झाले, पण म्हणाले की खोल्या उगाच मोठ्या आहेत, लांबी-रुंदी दोन-दोन हात कमी करा. मॅडमनी वाद घातला नाही. अण्णांच्या मापाची खोली त्यांनी मला मोकळ्या जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं आखायला लावली आणि अण्णांना सपत्नीक तिथंच जेवायला बोलावलं. सोनाबाईच्या घरची पाच माणसं, ते दोघं आणि मॅडम असे सगळे त्या रेषांच्या आत बसले. पानात नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी होती. अण्णा देहानं भारदस्त. त्यांनी जरा पाय पसरला, तशी सोनाबाईची सासू शांतपणे म्हणाली, "शेठ, तुमचा पाय शेजारच्या घरात गेला."

अण्णांनी पाय आत ओढला, तर पाठ रेषेबाहेर गेली. त्यांच्या पत्नीला हसता हसता ठसका लागला. "अहो, आता तुम्ही रस्त्यावर जेवताय," त्या म्हणाल्या. मग अण्णाही हसले. हात धुताना त्यांनी मला एवढंच सांगितलं की मॅडमच्या मापानं बांधा.

गृहप्रवेशाच्या दिवशी मॅडमनी पहिला चहा कुणाकडे घ्यायचा यावरून बायकांची जुंपली. त्यांनी कोपऱ्यातल्या घरापासून सुरुवात केली आणि चौदाही घरी चहा घेतला. परतताना त्या स्कूटरवर माझ्यामागे बसल्या. शहराचे दिवे दिसू लागल्यावर म्हणाल्या, "तीस वर्षं लोकायचे घरं काढले बापा. ज्याचं घर काढलं त्याच्या हातची चाय आज पहिल्यांदा पेली."

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि, यजमान आधीच गेलेले असल्यानं, धाकट्या बहिणीजवळ चंद्रपूरला राहायला गेल्या. त्यांना निरोप द्यायला आमची सगळी कचेरी नाशिकरोड स्टेशनावर आली होती. सोनाबाई सासूला घेऊन आली होती, पिशवीत नागलीचं पीठ होतं. मी मॅडमना म्हटलं, नाशिकला याल तेव्हा माझ्याकडेच उतरायचं. त्यांनी मान डोलावली.

गेल्या दिवाळीत त्या आल्या, चांगल्या आठ दिवस राहिल्या. माझ्याकडे नाही, सोनाबाईकडे.