अंगठ्यानं मागे पाहणारी लोर्ना

लोर्ना कपलडिचच्या नावावर हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचे चार हजार एकशे तास आहेत, आणि त्यातल्या एकाही तासात तिचे पाय जमिनीवरून सुटलेले नाहीत. हे सगळं उड्डाण लिंकनशरमधल्या तिच्या घरातल्या मागच्या खोलीत झालं, संगणकाच्या पडद्यासमोर, एकोणीस वर्षांत. दिवसा ती गावातल्या प्राथमिक शाळेत स्वयंपाक करते. एकशे चाळीस मुलांचं जेवण, गुरुवारी बटाट्याखाली भाजलेला खिमा, शुक्रवारी मासे. संध्याकाळी ती इंग्लिश खाडीवर असते. सोबत इंटरनेटवरून जोडलेली पाचजणांची तुकडी असते आणि तुकडीचा प्रमुख आहे काजिक नावाचा पोलंडमधल्या ग्दान्स्कचा एक दंतवैद्य. त्यानं तिला प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही, पण तिच्या लँडिंगबद्दल तो चारचौघांत आदरानं बोलतो.

लोर्नाचं वय एकसष्ट. आवाज शाळेच्या जेवणघरात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

गावापासून दोन मैलांवर युद्धकाळातली जुनी धावपट्टी आहे. तिच्या टोकाला एक लहानसं विमान संग्रहालय आहे: दोन हँगर, एक चहाघर आणि एक खरं हरिकेन. ते उडत नाही. पण त्याचं इंजिन चालतं. वर्षातून दोनदा, ईस्टरच्या सोमवारी आणि सप्टेंबरात, विमान बाहेर ओढतात, चाकांपुढे लाकडी ठोकळे लावतात, शेपूट जमिनीतल्या लोखंडी कडीला बांधतात आणि इंजिन सुरू करतात. दहा मिनिटांचा कार्यक्रम. तीन जिल्ह्यांतली माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन येतात.

या दहा मिनिटांत आत बसण्याचा मान सव्वीस वर्षं एकाच माणसाचा होता. ऑब्री ड्रिंग, वय ब्याऐंशी, हवाई दलातला निवृत्त इंजिन फिटर. गेल्या जानेवारीत त्याच्या गुडघ्याची दुसरी शस्त्रक्रिया झाली. पाहुण्यांसाठीचा लाकडी जिना तो चढू शकत होता, पण कडेवरून पाय टाकून आत उतरणं संपलं होतं. विमा कंपनीचं म्हणणं सरळ होतं. ईस्टरपर्यंत ऑब्रीनं परीक्षा घेऊन सहीनिशी पात्र ठरवलेला दुसरा माणूस नसेल, तर इंजिनात गंजरोधक तेल भरून ते कायमचं बंद करा. कायमचं म्हणजे खरोखरच कायमचं, हे संग्रहालयातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा सील केलेलं इंजिन पुन्हा उघडायला ना कुणाकडे पैसे होते ना वर्षं.

तिघांनी नाव दिलं. परीक्षेचा प्रकार ऐकून दोघांनी मागे घेतलं. उरली लोर्ना.

प्रकार जुना आहे, हवाई दलातलाच. डोळ्यांवर पट्टी बांधायची. परीक्षक एकेका कळीचं नाव घेणार आणि उमेदवारानं न चाचपडता त्यावर हात ठेवायचा. आतमध्ये अचानक धूर भरला तर शोधाशोध करायला वेळ नसतो, म्हणून.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी लोर्ना आत बसली. पट्टी म्हणून ऑब्रीनं धुतलेलं पिवळं पुसणं आणलं होतं. तिला अजिबात भीती नव्हती. या विमानातली प्रत्येक कळ, तिचा रंग, तिच्यावरची अक्षरं ती झोपेतही सांगू शकली असती.

"इंधनाची तोटी," जिन्यावर उभा असलेला ऑब्री म्हणाला.

लोर्नाचा हात उठला आणि हवेतच थांबला. तोटी कुठं असते हे तिला नेमकं दिसत होतं: पडद्यावर, खाली डाव्या कोपऱ्यात. पण आपल्या खांद्यापासून ती किती लांब? एकोणीस वर्षांत तिनं ती हजारो वेळा उघडली होती, आणि एकदाही तिच्यापर्यंत हात नेला नव्हता. माउसवर बोट दाबलं होतं.

एकतीसपैकी नऊ बरोबर आले. त्यातले दोन नशिबानं.

ऑब्री जिन्यावरून वाकला. त्यानं पट्टी सोडली. "बरं. आता शेपटीकडे बघ. बांधलेली आहे का ते बघायची सवय लागायला हवी."

लोर्नाचा उजवा हात विमान वळवायच्या दांड्यावर होता. तिची मान जागची हलली नाही. अंगठा मात्र दांड्याच्या वरच्या टोकावर दोनदा मागे सरकला. घरच्या, संगणकाला जोडलेल्या दांड्यावर तिथं एक छोटं बटण आहे. ते सरकवलं की पडद्यावरचं दृश्य मागे वळतं.

ऑब्रीनं ते पाहिलं. त्याला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा त्याला जिन्याचा कठडा धरावा लागला.

"पोरी," हसून झाल्यावर तो म्हणाला, "वर ती मान आहे ना, ती तुझीच आहे. वळते."

"हसा तुम्ही. किती दिवस देताय मला?"

"ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत. सहा आठवडे. नऊ म्हणजे काही शून्य नाही."

"दयाबिया नकोय."

"दया नाही. दुसरं कुणी नाहीये."

लोर्नाचा नवरा कीथ निवृत्त प्लंबर आहे. विमानांविषयी त्याला काडीचं प्रेम नाही. त्याचा जीव त्याच्या डेलियाच्या वाफ्यांत. पण लोर्ना घरी येऊन, परीक्षेचं सगळं सांगून, मनुका घातलेल्या प्लम ब्रेडचे तीन काप एकापाठोपाठ खाऊन बसली, तेव्हा त्यानं मोजायचा टेप उचलला.

"मापं आण," तो म्हणाला. "बाकीचं माझ्यावर सोड."

पुढच्या रविवारी लोर्नानं विमानात बसून मापं घेतली, इंचांत आणि शिवाय स्वतःच्या शरीरात: कोपर वाकवून, हात ताठ करून, खांदा पुढे टाकून. कीथनं गॅरेजमध्ये जुन्या कॅरावॅनमधली सीट ठोकली. दांडा म्हणून झाडूचा दांडा. इंधनाच्या तोटीच्या जागी गॅसची पितळी तोटी. इंजिनात सुरुवातीचं पेट्रोल सोडायचा पंप म्हणून सायकलचा पंप. सगळ्यांत अवघड होता हवेच्या झडपा उघडण्याचा लिव्हर; तो शेवटी एका मोडक्या नळापासून झाला.

परीक्षकही कीथच. यादी हातात घेऊन तो तिसऱ्या ओळीलाच अडला.

"हे 'रेडिएटर फ्लॅप' काय प्रकरण आहे?"

"इंजिन तापलं की उघडायचं. गरम हवा बाहेर जाते."

"म्हणजे बाथरूमची खिडकी."

"कीथ."

"मी बाथरूमची खिडकीच म्हणणार. आणि हे?"

"इंजिन बंद करायचं."

"मग पाण्याच्या मीटरवरचा मुख्य नळ. चल, पट्टी बांध."

अशा रीतीनं एकतीस कळींना एकतीस नावं मिळाली, सगळी घरातली. रोज जेवणाआधी अर्धा तास. शाळेच्या स्वयंपाकघरातही लोर्ना डोळे मिटून डाव्या हातानं मिठाचा डबा आणि उजव्यानं चाळणी घेऊ लागली. तिच्या मदतनीस बाईनं दोन दिवस सहन केलं आणि मग विचारलं, "डोळ्यांचं काही असेल तर लवकर दाखव गं, कस्टर्ड माझ्या अंगावर नको."

तुकडीत मात्र लोर्ना उगवेनाशी झाली. काजिकनं निरोप पाठवला: आजारी आहेस की दुसऱ्या तुकडीत गेलीस? दुसऱ्या तुकडीत जाण्यापेक्षा आजारी असलेली बरी.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी पाऊस होता. हँगरच्या पत्र्यावर आवाज इतका की ऑब्रीला ओरडावं लागत होतं. पुन्हा तेच पिवळं पुसणं.

"इंधनाची तोटी!" हात गेला. "पंप!" गेला. "रेडिएटर फ्लॅप!"

"बाथरूमची खिडकी," लोर्ना पुटपुटली आणि हात लिव्हरवर होता.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. पुढचं बोला."

तीस बरोबर आले. एकतिसावं राहिलं: पॅनेलवरचा दिवा मंद-प्रखर करायची लहानशी चकती. लोर्नानं उजवीकडे हात नेला आणि तिथं नुसता पत्रा लागला. तिनं पुन्हा चाचपलं. पत्राच. ही एक चकती क्षुल्लक म्हणून तिनं त्या रविवारी मापं घेताना मोजली नव्हती. गॅरेजमध्ये ती संगणकातल्या जागेवर बसवली होती.

ऑब्री जिन्याच्या वरच्या पायरीवर आला. मग वाकून त्यानं तिचा हात धरला आणि चार इंच खाली नेला. चकती तिथं होती.

"मी हलवली," तो म्हणाला. "ब्याण्णव साली. मूळची कडी मिळेना, म्हणून जिथं भोक होतं तिथं लावली. तीस वर्षांत एकाही माणसानं म्हटलं नाही, की ऑब्री, ही चुकीच्या जागी आहे."

"मग ती बरोबर धरायची की नाही?"

"तू जिथं हात नेलास तिथं ती असायला हवी होती. एकतीस." त्यानं पट्टी सोडली. "आता शेपूट."

लोर्नानं मान वळवली, इतकी की खांदाही वळला. "बांधलेली आहे. आणि तुमच्या बुटाची नाडी सुटलीय."

ईस्टरच्या सोमवारी ऊन पडलं. चारशेच्या वर माणसं आली. ऑब्री विमानासमोर, तिला दिसेल अशा जागी उभा राहिला. लोर्नानं चार वेळा पंप मारला, इंजिन सुरू करायची दोन्ही बटणं एकदम दाबली. पंखा तीन फेरे फिरला आणि थांबला. खुर्च्यांवरून एक लांब 'ओऽह' आलं. ऑब्रीनं दोन बोटं वर केली: आणखी दोन. तिनं दोनदा पंप मारला, पुन्हा दाबलं.

या वेळी इंजिन खोकलं, त्यानं निळा धूर फेकला आणि ते सुरू झालं. कीथची टोपी उडून कुंपणापर्यंत गेली. नऊ मिनिटं इंजिन चाललं. पाण्याचं तापमान चढू लागलं तसा तिचा डोळा काट्यावरून हलला नाही, आणि काटा शंभरला टेकताच, ऑब्रीनं हात वर करायच्या आधीच, तिनं इंजिन बंद केलं. ऑब्रीचा अर्धा उठलेला हात खाली आला. त्यानं तो खिशात घातला.

ती उतरली तेव्हा तोंडभर तेलाचे ठिपके होते आणि हसू काही केल्या मिटत नव्हतं. ऑब्रीनं इंजिनाची वही उघडली, चालक या रकान्यात तिचं नाव लिहिलं आणि पेन तिच्याकडे दिलं. "सप्टेंबरची तारीख तूच टाक. मी खुर्ची घेऊन येणार आहे."

त्या आठवड्यात ती तुकडीत परतली. पहिल्याच संध्याकाळी उड्डाण करताना तिचा डावा हात सवयीनं खाली तोटीकडे गेला. तोटी नव्हती, चहाचा मग होता. पडद्यावरचं विमान जमिनीवर आदळलं. दुसऱ्या दिवशी तिनं शत्रू शोधायला मान वळवली आणि मागे भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. तेवढ्यात शत्रूनं तिला पाडलं. आठवड्यात चार विमानं गेली, म्हणजे मागच्या पाच वर्षांइतकी.

"लोर्ना," कानात काजिकचा आवाज आला, "पुन्हा बटाट्याच्या शेतात पडलीस?"

"हो. आणि मजेत आहे," ती म्हणाली आणि कानावरचा हेडफोन काढून तिनं हाक मारली, "कीथ! गॅरेजमधलं सगळं या खोलीत येईल का?"

कीथ डेलियाचे कंद सोडून दारात आला. त्यानं खोली पाहिली, मग चौकट पाहिली.

"दार काढावं लागेल."

"मग काढ."

तो स्क्रूड्रायव्हर आणायला गेला.