रंगुबाई लोणारणीचा चुना

मिरजगावच्या ओढ्याकाठी रंगुबाई लोणारणीची चुनाभट्टी होती. धाकटी जाऊ छबूबाई नवी नवरी होऊन आली, तेव्हा तिला चुनखडीचा खडा ओळखायला रंगुबाईनंच शिकवलं.

"पावसाचं पानी मातीतला चुना घिऊन खाली मुरतं. उन्हानं पानी उडतं, चुना मागं ऱ्हातो. असं लई वर्सं चालतं, तवा ह्यो खडा बनतो. फोडून बघ. आत माती दिसली का फेकून दे."

छबू नको तितकी शिकली. वाटण्या झाल्यावर तिनं शेजारीच स्वतःची भट्टी घातली.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी खोल जाऊ लागल्या, बांधकामाला चुना पुरेना. आबासाहेब गवंडी एरवी रंगुबाईकडं यायचा. त्या साली तिच्या दारावरून सरळ छबूकडं गेला.

"धाकटीचा चुना बगळ्यावानी हाय. विहिरीला त्योच पायजे," जाता जाता म्हणाला.

रंगुबाई हसली खरी, पण त्या दिवशी तिला भाकर गोड लागेना. पलीकडं छबू भट्टीतून निघालेल्या चुन्याच्या कळ्यांवर, म्हणजे भाजलेल्या खड्यांवर, पाणी शिंपायची, त्यांचा फसफस आवाज आला की रंगुबाईचं डोकं फिरायचं.

ही खडे आणते तरी कुठून? एका दुपारी रंगुबाई तिच्या मागोमाग गेली. ओढ्याच्या दरडीत, काळ्या मातीच्या पार खाली, पिवळ्या थरात छबू खणत होती. दुसऱ्या दिवशी रंगुबाई तिच्या आधी तिथं पोचली. खडे टणक, आत मातीचा कण नाही. तिला हाव सुटली. खणता खणता ती दरडीखाली शिरली आणि वरची माती धप्पकन अंगावर आली.

कमरेपर्यंत गाडलेल्या रंगुबाईला मागून आलेल्या छबूनंच हातांनी माती उपसून काढलं.

"आक्का, इचारलं असतं तर म्या जागा दावली नसती व्हय?"

मोडलेल्या पायापेक्षा ते बोलणं तिला जास्त लागलं.

पाय वाकडाच बसला. खणणं सुटलं. छबू दोघींपुरते खडे आणू लागली. दोघींच्याही भट्टीत कोळशाचे न् खड्यांचे थर रंगुबाई रचायची. "जाऊ असावी तर अशी," बायका म्हणायच्या, आणि रंगुबाई तोंड फिरवायची. जीव वाचवला तोही हिनंच. आता धड भांडायचीही सोय उरली नव्हती.

एकदा आबासाहेबानं पुन्हा छबूचा चुना वाखाणला.

"भट्टी म्या लावलीया!" रंगुबाई फटकन बोलली.

"व्हय, आक्काचाच चुना हाय त्यो," छबू म्हणाली.

हेही तिनंच म्हणावं, याचा रंगुबाईला आणखी राग आला.