कुलूप लावलेली मेथड आणि चार नंबरची रूम

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारी. प्रोग्रामर आहे मी, गंगापूर रोडवरच्या एका छोट्या कंपनीत. कोड बिघडला तर कुणीतरी तो बिघडवलेला असतो, एवढंच मला माहीत होतं...

पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजला आमचं सॉफ्टवेअर आहे. सेन्सर तापमान पाठवतो, प्रोग्रामिंगच्या भाषेतली मूळ ‘राउंड’ मेथड, म्हणजे आधीच तयार असलेली आज्ञा, ते पूर्णांकात आणते आणि स्क्रीनवर दिसतं. आमच्या भाषेत प्रोग्राम चालू असतानाही मूळ मेथड कुणी बदलू शकतं, म्हणून मी तिला कुलूप लावलं होतं. हात लावला की प्रोग्राम एरर देऊन बंद पडणार.

तरीही मार्चमध्ये, भर दुपारी, तिथले ऑपरेटर रफिकचाचा यांचा फोन आला. चार नंबरच्या रूममध्ये सेन्सर एक डिग्री पाठवतोय, स्क्रीन पाच दाखवतोय. बाकी रूम ठीक.

गेले. रीस्टार्ट केलं, वीस मिनिटं बरं, मग परत पाच. नवा कॉम्प्युटर लावला, सगळं नव्याने टाकलं... परत तेच, आता सहा! मेथड कुठे लिहिली आहे ते प्रोग्रामलाच विचारलं. उत्तरात ओळ क्रमांक आला, फाइलच्या नावाची जागा कोरी; म्हणजे मेथड कुणीतरी बदलली होती, पण कुठल्याच फाइलमधून नाही. एरर नाही, कुलूप शाबूत. मला रडू यायचं बाकी होतं.

चाचा म्हणाले, “ताई, मी आत जाऊन बघतो.”

मी वैतागून म्हटलं, “चाचा, दार उघडू नका, द्राक्षं आहेत. सेन्सर बरोबर आहे, माझा स्क्रीन खोटा बोलतोय.”

“स्क्रीन सहा म्हणतोय ना? मंग बघू द्या.”

हातातला थर्मामीटर घेऊन ते आत गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता. आत खरंच सहा होतं. सेन्सर एकावर अडकला होता आणि पंखा बंद पडलेला. तासाभरात सगळा माल दुसऱ्या रूममध्ये हलवला, म्हणून वाचला.

सेन्सर बदलला आणि मेथड आपोआप पूर्वीसारखी झाली. मी काहीच केलं नाही.

कंपनीतले सर म्हणतात, माल वाचला ना, विषय सोड. कसा सोडू? आतलं तापमान सांगणारी दुसरी वायरसुद्धा त्या रूममध्ये नव्हती! तीनदा सगळा कोड वाचला — काही नाही. तक्रारीच्या फॉर्मवर ‘कारण’ असा एक रकाना असतो. तो भरल्याशिवाय तक्रार बंद होत नाही. ती अजून उघडीच आहे.