साहेबांचा फोन आणि माझी डायरी

माणसांचा हेवा मी कधी फारसा केला नाही. शेजारणीनं गुडगावला फ्लॅट बुक केला तेव्हासुद्धा मी खुशाल दोन पेढे खाल्ले आणि आमच्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये येऊन निवांत झोपले. पण एका फोनवर मी जेवढी जळले तेवढी आयुष्यात कुणावर जळले नाही.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात स्टेनो होते. नऊ वर्षं एकाच साहेबांकडे. बाकी सगळं ऑफिस हिंदीत चालायचं, पण साहेब मराठी, मीही मराठी. केबिनचं दार लागलं की ते म्हणायचे, "बाई, घ्या लिहून." मग इंग्रजीत डिक्टेशन सुरू. मध्येच कुणावर तरी संतापायचे ते मात्र अस्सल मराठीत. तेवढ्या शिव्या गाळून बाकीचं टाईप करायचं, हे दुसऱ्या कुणाला जमलं असतं? रोज साडेदहाला मी डायरी घेऊन आत जायची आणि दिवसाचा कार्यक्रम वाचून दाखवायची. साहेब डोळे मिटून ऐकायचे. मी अकरा म्हटलं की अकरा, पुन्हा विचारणं नाही.

त्या दिवसांत नव्या कंपन्यांचे कोटवाले लोक मीटिंगला यायचे आणि आल्या आल्या टेबलावर एक काळा, बारीक बटणांचा स्मार्टफोन ठेवायचे. पुढे तसलेच फोन आमच्या मोठ्या अधिकाऱ्यांना मिळाले. साहेबांनी तो हातात घेतला, दोन्ही अंगठ्यांनी काहीतरी टकटक केलं आणि लहान मुलासारखे हसले. "बाई, आता ई-मेल थेट खिशात!" मी म्हटलं, "अच्छा सर, छान." पोटात मात्र दुखायला लागलं होतं.

खोटं कशाला बोलू, फोन कामाचा होता. धौला कुआँच्या जाममध्ये गाडी अडकली तरी साहेबांचं उत्तर गेलेलं असायचं. विमानतळावरून कागद मागवावा लागायचा नाही. हजार लोकांचे पत्ते त्याला पाठ, माझ्यापेक्षा जास्त. पण हळूहळू "घ्या लिहून" बंदच झालं. पेन्सिलींना टोक करून मी बाहेर बसलेली आणि आत टकटक, टकटक. मग एक दिवस मी डायरी घेऊन गेले तर म्हणाले, "राहू द्या बाई, कार्यक्रमही यातच टाकतो आता." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी येऊन मी त्या फोनच्या चुका सांगत बसायची. दुपारी चारला त्याची बॅटरी मान टाकते. बटणांवरचा बारका गोळा फिरवून पडद्यावर पुढे जायचं असतं, तर दिल्लीच्या मे महिन्यातल्या धुळीत तो गोळाच अडकतो, आणि स्पिरिटचा कापूस लावून साफ कोण करतं? मीच! साहेबांच्या भावाची मराठीत मेल आली तर मेल्याला नुसते चौकोन दिसतात. आणि उत्तरं कशी, तर एका ओळीची. 'सादर' नाही, 'कृपया' नाही. आमचे हे शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "अगं, साहेबांनी फोन आणलाय की तुला सवत?"

यांना हसायला काय जातं! माझं काय पणाला लागलं होतं ते मलाच ठाऊक. साहेबांना गुडगावला निघणाऱ्या नव्या सरकारी संस्थेचं प्रमुख करायचं घाटत होतं. मोठा अधिकारी नव्या जागी जातो तेव्हा आपल्या विश्वासाची दोन-चार माणसं मागून घेतो. साहेब मला कधीच म्हणाले होते, "तिकडे गेलो तर बाई, तुम्ही बरोबर." नाहीतर मी परत स्टेनोंच्या पूलमध्ये, म्हणजे आज या साहेबाकडे, उद्या त्या साहेबाकडे, आणि या वयात कुणीही चुटकी वाजवून बोलवावं.

त्या थंडीत साहेब लंडनच्या दौऱ्यावर गेले. ते तिकडे असतानाच सचिवांच्या ऑफिसमधून निरोप आला: नव्या पदाबद्दल बोलायचंय, सोमवारी सकाळी अकराला या. मी लंडनला फोन करून सांगितलं आणि माझ्या डायरीत लाल पेननं लिहिलं. साहेबांनी तिकडे बसून ते फोनमध्ये टाकलं.

सोमवारी आल्या आल्या त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "जरा चार्जिंगला लावा." लावताना सहज नजर गेली. सचिवांची मीटिंग, दुपारी साडेचार. मी डायरी उघडून पाहिली. अकरा. मग डोक्यात प्रकाश पडला. त्या शहाण्यानं ते लंडनचे अकरा धरले होते आणि दिल्लीत उतरल्यावर त्याचे आपल्याकडचे साडेचार करून ठेवले होते.

खरं सांगते, मला आनंद झाला. साडेदहाला फोन आणि डायरी दोन्ही घेऊन मी आत गेले. साहेबांनी फोन घेतला, बघितला, म्हणाले, "वा, सकाळ मोकळी दिसतेय." मी विचारलं, "डायरी वाचू का, सर?" त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "कशाला? यात आहे ना सगळं."

तिथेच मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम. पण मी "बरं सर" म्हटलं आणि बाहेर येऊन बसले. माझा हिशेब असा, की अकरा वाजून पाच मिनिटांनी तिकडून बोलावणं येईल, साहेब धावत जातील, दहा मिनिटं उशीर होईल, आणि या फोनची लायकी एकदाची कळेल. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हाच.

बोलावणं आलं ते अकरा वीसला. साहेब धावले. तोवर सचिव संसदेत निघून गेले होते. "ज्यांना वेळ पाळता येत नाही ते संस्था काय चालवणार," असं त्यांच्या खासगी सचिवानं चारचौघांत ऐकवलं.

परत आले ते सरळ माझ्या टेबलाशी. डायरी उघडली. लाल अक्षरांत अकरा.

"फोन सकाळी तुमच्याकडेच होता ना, बाई?"

"हो, सर."

"दिसलं असेल."

नाही म्हणता आलं असतं. पण मी मान डोलावली. साहेबांनी डायरी मिटून नीट जागेवर ठेवली आणि आत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या सगळ्या शिव्या मला पाठ होत्या, त्यातली एकही माझ्या वाट्याला आली नाही.

तरीही दोन महिन्यांनी ते पद त्यांनाच मिळालं. बरोबर नेण्याच्या माणसांची यादी निघाली. त्यात ड्रायव्हर होता, प्यून होता. मी नव्हते. शेवटच्या दिवशी मी तरातरा केबिनमध्ये शिरले. रडू येत होतं, पण आवाज चढाच लागला. "सर, चूक फोनची. तो चालला तुमच्याबरोबर गुडगावला, आणि मी पूलमध्ये? हा कुठला न्याय?"

साहेब खणातले कागद काढत होते. थांबले. नेहमीसारखेच हळू बोलले.

"फोनला माहीत नव्हतं, बाई. तुम्हाला माहीत होतं."

प्यून तिथेच खोक्यात फायली भरत होता. त्याला मराठी येत नव्हतं, एवढंच काय ते माझं नशीब.